नोंदणीच्या रांगेतला योसेफ

(आगमनकाळाच्या पूर्वतयारीसाठी औंध येथे भरलेल्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला या मेळाव्यासाठी दोन विषय दिले होते. सकाळी ‘आगमनकाळाची आध्यात्मिक तयारी’ आणि दुपारी ‘पारधी वस्तीवरील सेवाकार्य’. मी विनंती केली की दोन्ही मिळून एकच भाषण द्या. एक तर दुपारच्या जेवणानंतर माझे भाषण ऐकण्याची शिक्षा तुम्हाला नको. आणि दुसरे, हे दोन विषय वेगळे करून बोलता येतात असे मला वाटत नाही.

यंदा आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला आहे. तिथून नाताळपर्यंत चार रविवार, आणि दिवस मोजून पंचवीस. या पंचवीस दिवसांत आपल्या घरी काय काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. घराला रंग, दारात चांदणी, मंदिरात गव्हाणीचा देखावा, करंज्या, कपडे, तरुण संघाची कॅरलची तालीम. त्यात वावगे काही नाही. सण सणासारखा व्हावा. ज्यांच्या घरी वर्षभर काटकसर असते त्यांना या दिवसांत लेकरांना नवे कपडे घ्यावेसे वाटतात, त्याला कोणी नाव ठेवू नये. आणि आपली एक जुनी रीत आहे, नाताळच्या आठवड्यात एके संध्याकाळी टेंपो भरून वस्तीवर जायचे आणि ब्लँकेटे वाटायची. तीही चांगली रीत आहे. खटाव-माणची डिसेंबरातली थंडी ज्यांनी पालात काढली त्यांना ब्लँकेटाची किंमत विचारा.

पण वस्तीवरच्या एका आजीने एकदा मला विचारले, “थंडीचं तुमी बघता. नातीला शाळंत घ्याया जल्माचा दाखला मागत्यात, त्यो कोन आनून देतो?” तिने हे कुरकुरून विचारले नव्हते. तिला खरेच माहिती हवी होती. मला मात्र त्या दिवसापासून लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वेगळा दिसायला लागला.

तो अध्याय आपल्याला जवळजवळ पाठ आहे. पण वाचताना आपण सुरुवात भरभर उरकतो, कारण पुढे मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत, मुलांना ती जागा हवी असते. सुरुवातीला काय आहे? सरकारी फर्मान. कैसर औगुस्ताचा हुकूम निघाला की सगळ्यांची नोंदणी व्हावी, आणि तीही जिथे राहता, कमावता तिथे नव्हे, तर आपापल्या मूळ गावी जाऊन. थिऑलॉजीच्या वर्गात आम्ही ही नोंदणी नेमकी कोणत्या साली झाली यावर दोन तास वाद घातला होता. अभ्यासकांचा तो वाद अजून चालू आहे, चालू द्या. मला त्यात दुसरेच दिसते. नासरेथात सुतारकाम करणाऱ्या एका माणसाला कामाचे दिवस बुडवून, दिवस भरलेल्या स्त्रीला सोबत घेऊन, शंभर किलोमीटरहून लांब बेथलेहेमला जावे लागले. कशासाठी? एका कागदावर नाव लागावे म्हणून. रांगेत उभे राहायला. आपल्या तारणाऱ्याचा जन्म या खेपेत झाला.

आणि तो योसेफ. शुभवर्तमानांत मरीयेचे स्तोत्र आहे, जखऱ्याचे आहे, वृद्ध शिमोनाचे आहे. योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. चारही शुभवर्तमाने चाळून बघा. तो फक्त उठतो आणि करतो. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात देवदूत त्याला स्वप्नात सांगतो की मरीयेचा स्वीकार कर आणि बाळाचे नाव तू ठेव. नाव ठेवणे म्हणजे काय, हे त्या काळच्या यहूदी माणसाला समजावून सांगावे लागत नव्हते. बाळाला आपले म्हणणे, आपल्या घराण्यात, आपल्या वंशावळीत बसवणे. दाविदाच्या वंशाशी येशूचे नाते जोडले गेले ते योसेफाने नाव दिले म्हणून. आगमनकाळात आपण मरीयेचे पुष्कळ ऐकतो, योहानाचे ऐकतो. यंदा योसेफाचे ऐकू या, म्हणजे तो काय करतो ते बघू या.

आता वस्तीकडे येतो. पारधी समाज आपल्याला नवा नाही. आपल्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांनी पिकाची राखण पारध्याकडे दिलेली असेल. राखण त्याच्याकडे, आणि गावात चोरी झाली की पहिली चौकशीही त्याच्याच पालात. दोन्ही गोष्टी एकाच गावात सुखाने नांदतात. फासे लावून शिकार करणारे म्हणून फासेपारधी. त्यांची बोली गुजरातीच्या जवळची, म्हणून वस्तीवरची लहान मुले पहिलीत गेली की बाईंचे मराठी त्यांना अर्धेच कळते. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बेकायदा ठरला. कायदा चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण ज्याचा धंदा गेला त्याला बदल्यात जमिनीचा तुकडा कोणी दिला नाही.

त्याच्याही आधीची गोष्ट मोठी आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. काही जमातींत जन्माला आलेले मूल जन्मतःच गुन्हेगार. या यादीत पारधीही होते. रोज हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. देशपातळीवर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. हजेरी गेली, नजर मात्र गेली नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या फलटण भागातले लक्ष्मण माने यांनी कैकाडी घरातले आपले जगणे ‘उपरा’ या पुस्तकात लिहिले. १९८१ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचले नसेल तर या आगमनकाळात वाचा, आध्यात्मिक वाचन म्हणूनच वाचा.

इथे एक गोष्ट आपण मिशनची माणसे म्हणून विसरता कामा नये. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ज्या तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत ठेवले जाई, त्यांतल्या काही मिशनऱ्यांनी चालवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. देशाच्या इतर भागांत सॅल्व्हेशन आर्मीने अशा वसाहती चालवल्या. त्यांनी शाळा काढल्या, गिरणीत काम मिळवून दिले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, आणि हे सगळे मनापासून केले. पण कुंपण होते, आणि त्या कुंपणाची किल्ली आपल्या लोकांकडे होती. मी त्या जुन्या मिशनऱ्यांचा न्याय करायला उभा नाही, त्यांच्या एका दिवसाएवढे काम माझ्याने महिन्यात होत नाही. पण वस्तीवरचा म्हातारा माणूस ‘मिशन’ हा शब्द ऐकून थोडा मागे सरकतो, तेव्हा त्यामागे काय असू शकते हे आपल्याला माहीत असायला हवे.

आणि ज्या औंधात आपण बसलो आहोत तिथल्या संस्थानाने याच्या उलट एक प्रयोग केला होता. भवानराव पंतप्रतिनिधी हे इथले राजे. चित्रकार, सूर्यनमस्काराचे वेड असलेले, ज्यांचा संग्रह टेकडीवरच्या संग्रहालयात आपण मुलांना दाखवायला नेतो, तेच. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार दिला. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश इंजिनिअराच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, आता सांगली जिल्ह्यात आहे. शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीशिवाय, शेती करत, बायकामुलांसह राहू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७चा ‘दो आँखें बारह हाथ’ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले, आणि त्या कथेचे मूळ या स्वतंत्रपुरात आहे. ती खुली वसाहत आजही आहे. राजा हिंदू, कल्पना एका पोलिश माणसाची, सल्ला महात्म्याचा. आपल्या मंडळींपैकी त्यात कोणी नव्हते. तरी मी स्वतंत्रपूरचा विचार करतो तेव्हा मला नेहमी वाटते की शुभवर्तमान तिथे राबवले जात होते आणि आपण शेजारच्या गल्लीत होतो.

आता कागदाचे बोलतो. थोडे कंटाळवाणे आहे, पण ऐका, कारण सेवा यातच आहे.

महाराष्ट्रात पारधी, फासेपारधी हे अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. म्हणजे आश्रमशाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती, घरकुल हे सगळे कागदोपत्री त्यांच्यासाठी आहे. त्यासाठी जमातीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, कारण अनुसूचित जमातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा आहे. पणजोबाच्या शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली नोंद, असे काही. आता सांगा, ज्याला जमीन नव्हती, ज्याला शाळेने आत घेतले नाही, ज्याचे मूल रानात जन्मले, त्याने १९५० पूर्वीचा कागद आणायचा कुठून? त्यांच्या पूर्वजांची नोंद सरकारने रोज केली, हजेरीच्या वहीत. ती नोंद दाखल्याच्या कामाला येत नाही.

त्यातही शब्दांचा घोळ. एखाद्या आजोबाला शाळेत घालताना मास्तरांनी ‘राजपारधी’ लिहिले असेल, तर तो शब्द विमुक्त जातींच्या यादीत आहे, अनुसूचित जमातींच्या नाही. एका शब्दाने यादी बदलते, सवलत बदलते, पुराव्याची तारीखही बदलते. तिथे २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख लागते. दोन सख्ख्या भावांची मुले दोन याद्यांत, असे होऊ शकते.

पुरावा नसलेल्यांसाठी एक वाट आहे, तिला गृहचौकशी म्हणतात. अधिकारी वस्तीवर येऊन जाणत्या माणसांना विचारतात. बोली कोणती, देव कोणते, लग्न कसे लागते, मयत कशी करता. त्यावरून अहवाल होतो. वाट चांगली आहे. पण अधिकारी येतो त्या दिवशी माणसे कामाला बाहेर असली की फाइल पडून राहते. मोबाइलचा नंबर बदललेला असतो. कोणाला कळवायचे हे कार्यालयाला माहीत नसते आणि कोणाला विचारायचे हे वस्तीला माहीत नसते. या दोघांच्या मधे उभा राहणारा एक माणूस लागतो. तो वकील असायची गरज नाही. त्याच्याकडे वही, पेन, चालू फोन आणि न चिडण्याची सवय असली की पुरे. शेवटची वस्तू महाग आहे, तिच्यासाठी प्रार्थना करावी लागते.

आणि त्या आजीने विचारलेला जन्माचा दाखला. घरी किंवा पालात मूल जन्मले तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत कळवायचे असते. तेवढ्यात कळवले तर काम सोपे. एक वर्ष उलटले की वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो, प्रतिज्ञापत्र लागते, खेपा लागतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवी तरतूद लागू झाली आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. म्हणजे आज वस्तीवर जन्मलेल्या बाळाची नोंद राहिली, तर त्याच्या पुढच्या वाटेवरचे प्रत्येक दार त्याला बंद सापडेल. आता गव्हाणीतल्या बाळाकडे पाहा. त्याचे आईबाप नोंदणीसाठी आलेले, परगावी, उतरायला जागा नाही. आपण त्या देखाव्याभोवती कापूस आणि दिवे लावतो. त्याच महिन्यात इथून तीन-चार किलोमीटरवर एखादे मूल जन्मते आणि एकवीस दिवस निघून जातात.

कोणी म्हणेल, हे तर सरकारी काम, यात आध्यात्मिक काय? या प्रश्नाला मी आधी आपल्याच घरचे उत्तर देतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबा-पणजीचे नाव पहिल्यांदा कागदावर आले ते कुठे? मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात, नाहीतर मिशन शाळेच्या हजेरीपटावर. गावाने त्यांना कामापुरते, हाकेपुरते नाव दिले होते. कोणीतरी पहिल्यांदा त्यांना ‘पूर्ण नाव सांगा’ असे म्हणाले, आणि दौतीत टाक बुडवून ते नीट लिहिले. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले, तेव्हा केसपेपरवर आपले नाव लिहिलेले पाहणारे असेही लोक असतील ज्यांचे नाव त्याआधी कुठेच लिहिले गेले नव्हते. आपण त्या लिहिलेल्या नावांची नातवंडे-पतवंडे आहोत. आज आपल्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, क्लार्क आहेत, बँकेत आहेत. लिहिण्याची विद्या आपल्याकडे अशी आली.

दुसरे उत्तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात की आता आम्ही काय करायचे. तो त्यांना उपास करा, रानात या, असे सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला द्यावा, अन्नाचेही तसेच. जकातदार विचारतात, त्यांना म्हणतो, ठरले आहे त्याहून जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात, त्यांना म्हणतो, धाक घालून, खोटे आरोप करून कोणाकडून काही उकळू नका, आपल्या पगारात समाधान माना. बघा, प्रत्येकाला त्याच्याच धंद्यात उत्तर. जकातदाराला जकातीत, शिपायाला शिपाईगिरीत. यशयाने सांगितलेला प्रभूचा मार्ग, दऱ्या भरणे आणि डोंगर सपाट करणे, योहानाने इतक्या साध्या हिशेबात आणून ठेवला.

मग योहान आज आपल्या मंदिराच्या दारात उभा असता तर? शाळेतल्या बाईंना म्हणाला असता, दाखला नाही म्हणून पोराला परत पाठवू नका. शिक्षणहक्काचा कायदा २००९चा आहे, वयाचा पुरावा नाही या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, हे तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलेले आहे. दवाखान्यातल्या सिस्टरना म्हणाला असता, वस्तीवरची बाळंतीण आली तर कागद पूर्ण भरून घ्या, बाळाची नोंद झाली का ते दोनदा विचारा. बागायतदारांना म्हणाला असता, राखणदाराचे पैसे ठरलेल्या दिवशी द्या आणि चोरी झाली तर त्याच्या बाजूने एक वाक्य बोला. आपल्या घरांतले कोणी पोलीस खात्यात असेल, त्यांना काय म्हणाला असता ते लूकने लिहूनच ठेवले आहे.

आगमनकाळाचा रंग जांभळा आहे, तो पश्चात्तापाचा रंग. पश्चात्ताप म्हणजे डोळे मिटून वाईट वाटून घेणे एवढेच असते तर योहानाचे काम फार लवकर आटोपले असते.

कामाच्या पद्धतीबद्दल माझी काही मते आहेत. ती सगळ्यांना पटतील असे नाही. वस्तीवर जाताना आपण पत्रके नेणार नाही. नव्या कराराच्या प्रतीही नेणार नाही. कोणी विचारले, तुम्ही हे का करता, तर खरे उत्तर द्या, लाजू नका, येशूचे नाव घ्या. पण दाखल्याच्या कामाला उपासनेची अट जोडायची नाही, अट जोडल्याचा भाससुद्धा होऊ द्यायचा नाही. लोक काय म्हणतील, तक्रार होईल, हे कारण आहेच, पण ते दुय्यम. मुख्य कारण असे की ज्या समाजाला शंभर वर्षे प्रत्येक गोष्ट अटीवर मिळाली, त्याच्यासमोर विनाअट कृपा मांडायची तर ती विनाअटच मांडावी लागते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवले. तेव्हाच्या मिशनला ते रुचणे कठीण होते. पण साताऱ्याच्या मातीत ख्रिस्ताच्या नावाने दार उघडे ठेवणारा माणूस होऊन गेला आहे, हे आपण अभिमानाने सांगावे.

फोटोही नकोत. ब्लँकेट देताना काढलेला फोटो आपल्या वार्तापत्रात छान दिसतो, देणगीदारांना आवडतो, हे मी जाणतो, आणि संपादक समोरच बसले आहेत. पण पारध्याचा फोटो पोलीस ठाण्यातही असतो. त्याच्या मनात कॅमेऱ्याची आठवण ती आहे.

तसेच, त्यांची भांडणे त्यांची जातपंचायत कशी सोडवते, नवस कोणते, देवीची पेटी कुठे ठेवतात, यावर वस्तीत बसून शेरे मारायचे नाहीत. जिथे बाईवर अन्याय होताना दिसेल तिथे गप्प बसायचेही नाही. पण आधी सहा महिने चहा प्या, मग बोला.

वस्तीबरोबरच ऊसतोड कामगारांचाही विचार व्हावा, असे महिला मंडळाने सुचवले. त्यांचे बरोबर आहे. गळीत हंगाम आणि आगमनकाळ एकाच वेळी येतात. बीडकडून आलेल्या जोड्या आपल्या भागातल्या फडांवर उतरलेल्या आहेत, उसाच्या पाचटाच्या कोप्या तुम्ही येताना रस्त्याकडेला पाहिल्या असतील. पहाटे चारला कोयता हातात घेणाऱ्या बायकांत एखादी पोटुशी असतेच. तिचे नाव कुठल्या उपकेंद्रात आहे, तिला लोहाच्या गोळ्या कोण देते, हे आपल्या सिस्टर मंडळींनी पाहावे. हा विषय मोठा आहे, त्यावर पुढच्या वेळी त्यांच्यापैकीच कोणीतरी बोलावे असे मी सुचवतो.

आता प्रार्थनेबद्दल. मी इतका वेळ कागदांचे बोललो म्हणून प्रार्थना मागे पडली असे समजू नका. तहसीलच्या रांगेत जो उभा राहिला आहे त्याला माहीत आहे की तिथे प्रार्थनेला भरपूर वेळ मिळतो. साहेब मीटिंगला गेले आहेत, सर्व्हर बंद आहे, पुढच्या मंगळवारी या. त्या बाकावर वस्तीवरच्या माणसाशेजारी बसून वाट पाहायची. आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ असे आपण मुलांना शिकवतो. पण आपल्याला आता वाट पाहण्याची सवय कुठे राहिली आहे? सगळे मोबाइलवर येते. वाट कशी पाहतात हे त्यांना येते. शिमोन आणि हन्ना मंदिरात म्हातारे होईपर्यंत वाट पाहत राहिले, ते कसे राहिले असतील याचा अंदाज मला त्या बाकावर येतो. एखादी बाई पाचव्या खेपेलाही डोक्यावरचा पदर सावरून शांतपणे उभी असते, तेव्हा तिच्याकडून शिकावे.

म्हणून माझी विनंती अशी. प्रत्येक घराने या पंचवीस दिवसांत एक दिवस द्यावा. पैसे नकोत असे नाही. एसटीचे तिकीट, झेरॉक्स, आणि मुख्य म्हणजे बुडालेली मजुरी याला पैसे लागतात. बायकांना अर्धे तिकीट आहे, तेवढा खर्च वाचतो. पण दिवस द्या. घरातल्या रोजच्या प्रार्थनेत ज्या कुटुंबाबरोबर तुम्ही जाल त्याचे नाव घ्या, सगळ्यांची नावे, लहानग्यांसकट. मुलांना ती नावे पाठ करू द्या. ज्यांना चालवत नाही अशा आजी-आजोबांनी जन्मांची वही ठेवावी. वस्तीवर कोण बाळंत झाली, कोणत्या तारखेला, एकविसावा दिवस कोणता. त्या तारखेवर लाल खूण करा आणि फोन करून आम्हाला सतावत राहा.

अर्ज दिला की पोच घ्या. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे, मुदत ठरलेली असते, मुदत उलटली की अपील करता येते. पोच नसेल तर काहीच करता येत नाही. कार्यालयातल्या माणसांशी गोड बोला. त्यांच्यावर कामाचा डोंगर असतो, आणि त्यांतले पुष्कळ जण भले असतात. एका तरुण तलाठ्याने रविवारी स्वतःच्या गाडीने वस्तीवर येऊन जाबजबाब घेतलेले मी पाहिले आहेत. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, आवाज न चढवता.

जमातीच्या योजनांसाठी आपल्या जिल्ह्याचे प्रकल्प कार्यालय पुणे जिल्ह्यात घोडेगावला आहे. तिकडची खेप जानेवारीत करू, आता नको. पहिल्या आठवड्यात जन्मनोंदी आणि आधार एवढेच धरू. जमातीच्या दाखल्याचे अर्ज भरायला वेळ लागतो, ते दुसऱ्या आठवड्यापासून.

बाहेर व्हरांड्यात टेबल मांडले आहे, तिथे नाव आणि आपल्याला जमणारा वार लिहून जा. पहिला गट सोमवारी, १ डिसेंबरला, वडूजला निघेल. सकाळच्या पहिल्या एसटीने जाऊ, म्हणजे खिडकी उघडायच्या आधी नंबर लागेल. वस्तीवरची तीन कुटुंबे स्टँडवर भेटतील, त्यांच्याबरोबर लहान मुले असतील. तेव्हा डबा आपल्यापुरता आणू नका, थोडा जास्त आणा.